भिंतीआडचा श्वास

तिने हातोडीने स्लॅबवर तीनदा ठोकलं आणि पडद्याकडे पाहिलं. रेघ उठत होती, बसत होती. दूध पिऊन निजलेल्या तान्ह्याच्या पोटासारखी, कसली घाई नसलेली.

"बाबा?"

स्लॅबखालून उत्तर आलं नाही.

"झोपले," ती म्हणाली.

"झोपणारच." पॅकिंगवाल्या मावशींनी चिकटपट्टी दातांनी तोडली. "पोटासाठी माणसं काय काय करतात. कुणी दगड फोडतं, कुणी भांडी घासतं. तुझे वडील नुसता श्वास घेतात. वर चहा मिळतो तो वेगळाच."

"ऐकू येतंय मला," स्लॅबखालून आवाज आला.

"मग ठोकल्यावर बोलायचं ना, कुंभकर्ण!"

"ठोकल्यावर लगेच बोलायचं नसतं. आधी ठोकणाऱ्याने गप्प व्हायचं असतं. तुम्ही कधी गप्प होताय म्हणून वाट बघत होतो."

मावशी हसल्या. तिलाही हसायला हवं होतं. ओठ तेवढे हलले, आणि तिने यंत्राचं बटण बंद केलं.

यंत्राला ते सगळे 'कान' म्हणत. प्रवासी बॅगेएवढी पेटी, एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला छोटा पडदा. पडलेल्या घराच्या ढिगाऱ्याला पेटीची सपाट बाजू लावायची. आतून लहरी जायच्या, विटामातीतून वाट काढत पलीकडे पोचायच्या आणि परत यायच्या. वाटेत कुणाची छाती वरखाली होत असली, तर परतताना त्या लहरी जराशा डगमगलेल्या असत. तेवढं डगमगणं हा कान ओळखायचा आणि पडद्यावर रेघ उठायची.

बाबांचा जन्म अग्निशमन दलात गेला होता. त्यांच्या काळात असा कान नव्हता. घर पडलं की बाबा आधी सगळी गल्ली गप्प करायचे. गाड्या बंद, रेडिओ बंद, रडणाऱ्यांनीही पदर तोंडात धरायचा. मग ते ढिगाऱ्यावर पालथे पडायचे, तीनदा ठोकायचे आणि जमिनीला कान लावायचे. काय ऐकू आलं ते घरी येऊन सांगायचे. ज्या दिवशी काहीच ऐकू यायचं नाही, त्या दिवशी न जेवता अंगणाच्या पायरीवर बसून राहायचे. आई पोरीला खुणेनं सांगायची, जाऊ नकोस तिकडे. पायरीवरच्या त्या पाठीकडे बघत पोर मोठी झाली, शिकली, आणि तिने हे यंत्र केलं.

यंत्राला शिकवायला श्वास लागतात. शेकडो तास कुणीतरी ढिगाऱ्याखाली पडून राहावं लागतं. बाबा निवृत्त होऊन घरात बसले होते, घड्याळाशी भांडत होते. ते म्हणाले, मी पडतो. तेव्हापासून गोदामाच्या मागच्या भागात स्लॅबचे तुकडे, सळया आणि विटा रचून केलेल्या त्या खोपटात ते रोज पडायचे. यंत्र जे काही शिकलं, ते त्यांच्या श्वासावर.

आता तशा तयार पेट्या सरहद्दीवरच्या मालगोदामात अडकून पडल्या होत्या. पलीकडच्या देशात धरणी हलली होती. डोंगराच्या पोटाशी बसलेली गावंच्या गावं खाली बसली होती. पहिल्या दिवशी तिने बातम्या पाहिल्या, दुसऱ्या दिवशी पाहिल्या. नंतर डोळ्यांना घट्टे पडले. चित्रं दिसत होती, आत काही जात नव्हतं. पलीकडच्या बचाव पथकातल्या एका डॉक्टरबाईचा रोज फोन यायचा. इकडच्या भाषेत, परक्या हेलाने ती एकच विचारायची, "ताई, पेट्या निघाल्या का?" आणि ही रोज म्हणायची, "परवाना यायचाय."

आज परवान्याचे साहेब स्वतः येणार होते.

*

ते आले ते शिंकतच. सडसडीत माणूस, नाक लाल, हातात कागदांची जाड पिशवी. मावशींनी खुर्ची पुसून दिली. त्यांनी चहा नको म्हटलं, गरम पाणी मागितलं. दोन घोट घेतले आणि गोदामभर नजर फिरवली.

"बाई, मी काही तुमचा वैरी नाही," ते म्हणाले. "कागद वाचलेत. यंत्र चांगलं आहे. तेच तर दुखणं आहे."

ती उभीच होती.

"मागे गुरांचा ताप बघणारे कॅमेरे पलीकडे गेले होते इथून. गोठ्यात लावायला. खरंच गोठ्यात लावले त्यांनी, खोटं नाही. मग ते गोठ्यातून निघाले आणि बंदुकीवर चढले. आमच्या चौकीवर रात्री जे झालं, ते त्या कॅमेऱ्यांनी झालं." त्यांनी रुमाल काढला, नाक पुसलं. "त्यात कॅमेरे करणाऱ्याची काय चूक? काही नाही. बिचारा गुरांचा डॉक्टर होता."

"तिथे माणसं गाडली गेलीत," ती म्हणाली.

"माहितीये."

"दिवस जातायत."

"तेही माहितीये." साहेबांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरला, शेकोटीवर हात धरावेत तसा. "माझा भाचा आहे सरहद्दीवर. एका पडक्या शाळेत बसलेला असतो तो, भिंतीआड. बहिणीला सांगतो मी, भिंत आहे ना मध्ये, काळजी करू नको. उद्या हे यंत्र भिंतीला लावलं आणि पलीकडून कळलं, इथे एक, इथे दोन, तर बहिणीला काय सांगू?"

स्लॅबखालून बाबा बाहेर आले. केसात, भुवयांत सिमेंटची पांढरी धूळ. त्यांनी साहेबांना नमस्कार केला आणि ते बाजूच्या खोक्यावर बसले.

"तर एक करू," साहेब म्हणाले. "ढिगारा मला बघायचा नाही. मला भिंत बघायचीये. ही मधली भिंत कसली?"

"विटांची. पलीकडे सामानाची खोली आहे."

"हे काका पलीकडे जाऊन बसतील. तुम्ही अलीकडून कान लावा. भिंतीआडचा माणूस दिसला, तर पेट्या माझ्या हातून सुटणार नाहीत. नाही दिसला, तर इथेच सही करतो, गाड्या आजच निघतील. सरळ हिशेब आहे. उगाच वर पाठवून आठवडे घालवत नाही."

भिंतीआडचा माणूस दिसणार होता. ढिगारा काय आणि भिंत काय, कानाला त्यात फरक नव्हता. उलट भिंत सोपी. हे तिला माहीत होतं, मावशींना माहीत होतं. पट्टीचं रीळ हातात धरून त्या तिच्याकडे बघत राहिल्या होत्या. आणि साहेबांनाही बहुधा माहीतच होतं. त्यांना फक्त स्वतःच्या डोळ्यांनी बघून नाही म्हणायचं होतं.

बाबा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. तिच्याजवळून जाताना थांबले.

"स्टूल आहे का आत?"

"आहे. खिडकीखाली."

"बरं."

एवढंच. दार त्यांनी आपल्या हातांनी लोटून घेतलं.

*

तिने पेटी उचलली आणि सपाट बाजू भिंतीला टेकवली. बटण दाबलं. पडदा उजळला. कानाला एका जागी जरा वेळ ऐकावं लागतं. घाईघाईत ऐकलं तर उंदीरही माणूस वाटतो. साहेब तिच्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. त्यांच्या चोंदलेल्या नाकाचा आवाज येत होता.

रेघ सपाट होती.

तिला वाटलं पेटी नीट टेकली नाही. तळवा पेटीवर दाबला. रेघ सपाटच राहिली. एखाद्या तळ्यात कधी कुणी खडा टाकलाच नसावा, तशी.

मग तिला कळलं.

बाबा नव्या भरतीच्या पोरांना धुरात शिरायला शिकवायचे. धुरात पहिला घात आग करत नाही, घाबरलेली छाती करते, असं म्हणायचे. पोरांनी घाबरू नये म्हणून त्यांनी एक ओवी रचली होती. मनातल्या मनात म्हणायची, आणि ती संपेपर्यंत श्वास जागचा हलू द्यायचा नाही. घरात ती ओवी सगळ्यांना पाठ होती. आई भाजी निवडताना म्हणायची. हिने ती विहिरीत बुडी मारताना म्हटली होती.

आत आल्या श्वासा, तुला बसाया देतो पाट,
बाहेरच्या श्वासा, थोडी पाहा माझी वाट.

भिंतीच्या पलीकडे, खिडकीखालच्या स्टुलावर, म्हातारा माणूस आलेल्या श्वासाला पाट देऊन बसला होता.

"आत आहेत ना?" साहेबांनी विचारलं.

"आहेत."

"मग दिसत का नाहीत?"

ओवी तिच्या मनात आपोआप सुरू झाली होती. एकदा झाली, पुन्हा झाली. गेल्या हिवाळ्यात डॉक्टर म्हणाले होते, काकांनी जिने चढू नयेत. तिसऱ्यांदा झाली. चौथ्यांदा म्हणताना ती मधेच अडखळली आणि कितवी होती ते हरवलं.

"अजून जरा ठेवा," साहेब म्हणाले. "चुकून सुटायला नको."

एक शब्द पुरला असता. बाबा, सोडा, एवढंच म्हणायचं होतं. मग भिंतीपलीकडून मोठा श्वास आला असता, रेघ डोंगराएवढी उठली असती, आणि मालगोदामातल्या पेट्या तिथेच राहिल्या असत्या. तिचा तळवा पेटीवर होता. त्या तळव्याला घाम नव्हता, कंप नव्हता. हात आपला नसून कुणीतरी तिथे आणून ठेवला आहे, असं तिला वाटलं. कोपऱ्यात मावशींनी तोंडात पदराचं टोक धरलं होतं.

"भिंत जाड आहे," ती म्हणाली. आपलाच आवाज तिला लांबून ऐकू आला.

साहेबांनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं. एका विटेची भिंत, पोकळ वाजली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, दुकानात खोटं नाणं हातात आल्यावर माणूस आधी नाण्याकडे पाहतो, तसं. मग ते दाराकडे गेले आणि दार उघडलं.

बाबा स्टुलावर ताठ बसले होते. डोळे मिटलेले, हात मांडीवर उपडे. ओठांचा रंग निळसर झाला होता. दार उघडल्याचं त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी डोळे न उघडता हळूहळू श्वास सोडायला सुरुवात केली. सोडला, सोडला, आणि मग नवा घेतला. अलीकडे भिंतीला टेकलेल्या पेटीच्या पडद्यावर रेघ उठून उभी राहिली. रेघेकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

ती आत धावली. बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, शर्टावरची धूळ झटकली. झटकताना हात जरा जोरातच लागले.

"अगं, हळू," बाबा म्हणाले. "मी काय सतरंजी आहे?"

साहेब उंबऱ्यात उभे होते. त्यांनी नाक पुसलं. मग खाली बसले, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना डोळे भिडतील एवढे.

"काका, हे कुठे शिकलात?"

"धुरात."

"कितीही वेळ?"

"छातीवर नसतं ते, साहेब. भीतीवर असतं. भीती जेवढी कमी, तेवढा वेळ जास्त."

"आणि छाती अगदी थांबवायची नसेल, श्वास घ्यायचा पण यंत्राला दिसू नये इतका बारीक घ्यायचा, तर?"

"तेही येतं. पोटातून घ्यायचा. सापासारखा, सरकेल पण वाजणार नाही."

"शिकवता येतं?"

बाबांनी लेकीकडे पाहिलं. तिला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी खूप पोरांना शिकवलं होतं, हे साहेबांना ठाऊक नव्हतं. नाही म्हणायला काही अवघड नव्हतं.

"पेट्या सुटणार का?" बाबांनी विचारलं.

"यंत्राला चुकवता येतं, हे मी पाहिलं," साहेब म्हणाले. एकेक शब्द ते निवडून ठेवत होते, तांदळातले खडे निवडावेत तसे. "ज्याला चुकवता येतं, त्याचा धोका नाही, असं मी लिहू शकतो. पण चुकवायचं कसं ते चौकीवरच्या आमच्या पोरांना आलं पाहिजे. तरच ते खरं ठरेल."

"शिकवता येतं," बाबा म्हणाले.

साहेबांनी खोक्यावर कागद ठेवला आणि सही केली. मग मालगोदामाला फोन लावला, दोन वाक्यं बोलले. इतके दिवस जे हललं नव्हतं, ते दोन वाक्यांत हललं. मावशींनी देवाचं नाव घेतलं. तिने कागद हातात घेतला. सही ओली होती, अक्षर सुवाच्य होतं. आनंद व्हायला हवा, हे तिला आठवलं.

"चला मग, काका," साहेब म्हणाले. "गाडी बाहेरच आहे."

"आत्ता?"

"पेट्या आज जाणार. पोरांनी पुढच्या महिन्यात शिकून काय उपयोग?"

बाबा बूट घालायला वाकले तेव्हा ती खाली बसली आणि तिने त्यांच्या नाड्या बांधल्या.

"जेवणाचं काय?" मावशी म्हणाल्या. "यांना खारट चालत नाही. सांगून ठेवा तिथल्या आचाऱ्याला. आणि झोपले की घोरतात हो, साहेब! शत्रूला यंत्र लागायचंच नाही."

साहेब पहिल्यांदाच हसले. बाबाही हसले. "फोन इथेच ठेवा, काका," साहेब हळूच म्हणाले. "तिथे आत नेऊ देत नाहीत. बोलणंही होणार नाही थोडे दिवस."

बाबांनी खिशातून फोन काढून लेकीच्या हातात दिला.

"घाबरू नको," ते म्हणाले. "पोरंच आहेत. कुणाची तरी."

"पलीकडेही पोरंच आहेत, बाबा."

"हो ना." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा, पूर्ण वजन टाकून. "पेट्या गेल्या ना? मग झालं तर."

गाडी फाटकातून बाहेर पडली, वळली, दिसेनाशी झाली.

*

ऊन उतरायला लागलं होतं तेव्हा तिचा फोन वाजला. पलीकडची डॉक्टरबाई होती. मागून यंत्रांची घरघर, कुणाची तरी हाक, कुत्र्याचं भुंकणं ऐकू येत होतं.

"ताई, आल्या! पेट्या आल्या, मी हात लावला. एक गाडी आमच्या गावाला, बाकी वर डोंगरात. देव तुमचं भलं करो, ताई."

"नीट आहेत ना? पडदा लागतो?"

"लागतो, लागतो. धरायचं कसं तेही कळलं. पहिल्याच घरी रेघ उठली, ताई. आजी आणि नातू. दोघं बोलतायत आता, पाणी मागतायत." बाई रडत होती की हसत होती, कळत नव्हतं. मागे वळून ती आपल्या भाषेत कुणावर तरी ओरडली आणि परत आली. "एकच विचारायचंय. दुसऱ्या घरी लावली, तर रेघ सपाट आहे. शेजारी म्हणतात आत दोन मुली होत्या. पेटीसोबतच्या पुस्तकात लिहिलंय, सपाट म्हणजे कुणी नाही. मग पुढच्या घरी जाऊ ना?"

पुस्तक तिनेच लिहिलं होतं. ते वाक्यही तिचंच होतं, छोटं आणि स्पष्ट, थकलेल्या माणसाला एका नजरेत कळावं असं.

दोन मुली. अंधारात, वर कुणीतरी आपटतंय, ठोकतंय. ती लहान असताना पलंगाखाली लपायची, तेव्हा पावलं जवळ आली की श्वास कसा आपोआप थांबायचा, ते तिला आठवलं. कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आणि हा कान शिकला होता एकाच माणसापाशी. सुरुंग लावला तरी ज्याची झोप मोडली नसती, अशा माणसापाशी.

"जाऊ नका," ती म्हणाली.

"काय?"

"जाऊ नका अजून. सगळ्यांना गप्प करा आधी. यंत्रं बंद करायला सांगा. ठोका, हाक मारा, त्यांच्या नावाने मारा. सांगा, घाबरू नका म्हणावं. मग परत कान लावा."

पलीकडे बाईने तिच्या भाषेत हुकूम सोडले. घरघर थांबली. हाका थांबल्या. कुणीतरी कुत्र्याला लांब नेलं असावं. तीनदा ठोकल्याचा आवाज फोनमधून आला. मग दोन नावं, एकामागून एक, बाईच्या घोगऱ्या आवाजात. मग काहीच नाही.

"ताई," बाई कुजबुजली. "अजून सपाट आहे. पुढे पूर्ण गल्ली पडलीये. इथे थांबले तर तिथलं कुणी जाईल. किती वेळ थांबू? तुम्ही सांगाल तेवढा थांबते."

ती फाटकापर्यंत आली होती. कधी आली ते कळलं नव्हतं. बाबांचा फोन तिच्या दुसऱ्या हातात होता. रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. सूर्य समोरच्या छपरांच्या मागे गेला होता आणि शेजारच्या कारखान्यातली माणसं सुट्टी झाल्यामुळे बोलत, हसत बाहेर पडत होती. तिने हात वर करून त्यांना गप्प राहायला सांगितलं. का ते न समजताही ती माणसं थांबली.

"ताई?"

पलीकडची बाई उत्तराची वाट पाहत होती. तिचा श्वास ऐकू येत होता.